प्रत्येक गटात सहा उंदीर पुरेसे आहेत का? प्राणीप्रयोगांतला काटेकोरपणा आणि त्याची नोंद

प्रश्न असा आला आहे. गोव्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. करणाऱ्या विद्यार्थिनीने भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा अर्क मधुमेही उंदरांना देऊन पाहिला. पाच गट: निरोगी, मधुमेही पण उपचार नसलेला (तुलनेसाठीचा ‘कंट्रोल’), ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध दिलेला, अर्काचा कमी डोस आणि जास्त डोस. प्रत्येक गटात विस्टार जातीचे सहा नर. अर्काने साखर उतरली, आलेख चांगले आले, लेख नियतकालिकाकडे गेला. परीक्षकाने विचारलं: सहाच का? गट कसे पाडले? साखर मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का? मध्ये किती उंदीर मेले? शिवाय ‘अराइव्ह’ची (प्राणीप्रयोगांची नोंद लेखात कशी द्यावी याची) तपासणी-यादी भरून जोडा. गाईडचं म्हणणं, सगळे सहाच घेतात, यादी भरून पाठवून दे. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: या लेखाचं आता काय करू, आणि पुढचा प्रयोग कसा करू?

मी पशुवैद्य आहे. गोव्यात प्राणीगृह सांभाळण्यात आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीवर बसून अर्ज वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी लेखाचं. यादी ‘भरून’ पाठवू नका. जे केलं ते केलं म्हणून लिहा, जे केलं नाही ते केलं नाही म्हणून लिहा. उंदीर पिंजऱ्यातून हाताला येतील तसे गटांत टाकले असतील, तर ‘यादृच्छिक पद्धतीने विभागले’, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले, हे वाक्य लेखात असता कामा नये. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत ते वाक्य आधीच्या प्रबंधातून जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला ते खोटं वाटतही नाही. पण वाचणारा त्याच वाक्यावर विसंबून पुढचा प्रयोग बेततो आणि त्यात नवे उंदीर मरतात.

लेख तरीही वाचवता येतो. प्रत्येक उंदराचा प्रत्येक आकडा पुरवणी तक्त्यात द्या. स्तंभालेख काढून टाका आणि प्रत्येक उंदराचा वेगळा ठिपका दिसेल असा आलेख द्या. सरासरीपुढे प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) लिहिली असेल तर तिथे प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते) लिहा. सहाच्या गटात विचलन ४९ असेल तर त्रुटी २० दिसते, म्हणजे तेच आकडे अडीचपट नेमके भासतात. उंदीर किती आणले, स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह लावणारं रसायन) किती जणांना टोचलं, किती मेले, किती जणांची साखर पुरेशी चढली नाही म्हणून वगळले, शेवटी मोजणीत किती उरले, हे सगळं गटवार लिहा. मर्यादांच्या परिच्छेदात स्पष्ट म्हणा की वाटणी यादृच्छिक नव्हती, मोजणाऱ्याला गट माहीत होते, म्हणून हा निकाल प्राथमिक समजावा. काही नियतकालिकं असा लेख नाकारतील. काही घेतील, आणि घेतलेला लेख पुढच्या माणसाच्या खरोखर कामाचा असेल.

आता हे का मागतात ते सांगते, कारण आपल्याकडे याला परीक्षकांची नवी कटकट समजतात. ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वं ब्रिटनच्या एनसीथ्रीआर्स या संस्थेने २०१० मध्ये काढली. त्याआधी २००९ मध्ये लहान उंदीर (माउस), मोठे उंदीर (रॅट) आणि माकडांवरच्या २७१ प्रकाशित लेखांची पाहणी झाली होती, तीत ८७ टक्के लेखांत यादृच्छिक वाटणीचा उल्लेख नव्हता आणि ८६ टक्के लेखांत मोजणाऱ्याला गट लपवल्याचा. दहा वर्षांत यादी छापून फारसं बदललं नाही, म्हणून २०२० मध्ये ती सुधारली आणि दहा अत्यावश्यक बाबी वेगळ्या काढल्या. गटांची रचना, प्राण्यांची संख्या, कोणाला घेतलं-वगळलं, वाटणी, गट लपवणं, मुख्य मोजमाप कोणतं, संख्याशास्त्र, प्राण्यांचं वर्णन, नेमकं काय केलं, आणि निकाल. बाकीच्या अकरा बाबीही आहेत, पण या दहा नसतील तर लेख तपासताच येत नाही.

त्यामागे माणसांचे अनुभव आहेत. पक्षाघातावरच्या एनएक्सवाय-०५९ या औषधाने प्राण्यांत मेंदूचं नुकसान कमी केलं होतं. तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत, २००७ मध्ये, त्याचा काहीच फायदा दिसला नाही. मग एडिंबराच्या माल्कम मॅक्लाऊड यांच्या गटाने त्याच औषधाचे प्राणीप्रयोग पुन्हा एकत्र तपासले. ज्या प्रयोगांत वाटणी यादृच्छिक होती, तिथे मेंदूतला मृत भाग सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला होता, आणि जिथे नव्हती तिथे सुमारे ५३ टक्क्यांनी. औषध एकच, आजार एकच. मिनोसायक्लिनचं तर आणखी वाईट झालं. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारात उंदीर त्याने जास्त जगले म्हणून चारशेहून अधिक रुग्णांना ते दिलं गेलं, आणि २००७ मध्ये कळलं की औषध घेणारे रुग्ण जास्त वेगाने खालावले. हे रुग्ण प्राणीप्रयोगांच्या भरवशावर चाचणीत आले होते.

तेव्हा मी स्वतः अर्ज वाचताना एकच कसोटी लावते: प्रयोगात आलेल्या प्रत्येक प्राण्याचा पूर्ण हिशेब देता येईल का? तो कुठून आला, त्याच गटात का गेला, कोणी पाहिला, कधी पाहिला, शेवटी त्याचं काय झालं. हा हिशेब प्रयोगानंतर जुळवता येत नाही. तो आधी मांडावा लागतो, म्हणून पुढच्या प्रयोगाबद्दल जास्त लिहिते.

वाटणीपासून सुरू करू, कारण संख्येपेक्षा मला ती महत्त्वाची वाटते आणि ती फुकट आहे. तुम्ही पिंजऱ्यात हात घालता तेव्हा पहिला हाताला येतो तो सुस्त उंदीर, कधी आजारी, कधी नुसता जड. चपळ असतात ते कोपऱ्यात पळतात आणि शेवटी येतात. पहिले सहा ‘कंट्रोल’ आणि शेवटचे सहा ‘जास्त डोस’ असं झालं तर औषध देण्याआधीच दोन वेगळ्या प्रकृतीचे गट तयार झाले. उपाय सोपा आहे. साखर चढल्याची खात्री झाली की सगळ्या मधुमेही उंदरांना क्रमांक द्या, वजन आणि साखरेनुसार चार-चारांचे संच करा, आणि प्रत्येक संचात कोण कुठल्या गटात हे एक्सेलच्या यादृच्छिक आकड्याने ठरवा. चार चिठ्ठ्या टाकल्या तरी चालतील. एनसीथ्रीआर्सचं प्रयोग-रचनेचं ऑनलाइन साधन २०१५ पासून मोफत आहे, ते आकृतीही काढून देतं आणि वाटणीही करून देतं. कोणत्या साधनाने वाटणी केली ते लेखात एका वाक्यात लिहा.

पिंजऱ्यांच्या जागेचाही विचार करा. रॅकचा वरचा कप्पा दिव्याच्या जवळ, खालचा अंधारा आणि दमट. सगळे ‘कंट्रोल’ पिंजरे वरच्या कप्प्यात आणि सगळे उपचाराचे खाली, असं मी अनेकदा पाहते, कारण देखभालीला ते सोपं जातं. जागाही चिठ्ठीने ठरवा.

आता गट लपवण्याचं. इथे आपल्याकडची प्राणीगृहं काय करतात ते पाहा. उंदीर ओळखायला पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका लावतात: डोक्यावर, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी. आणि पिंजऱ्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘डायबेटिक कंट्रोल’ किंवा ‘हाय डोस’ लिहिलेलं असतं. साखर मोजायला बसणाऱ्याला प्रत्येक उंदीर कुठल्या गटाचा ते दुरूनच दिसतं. ग्लुकोमीटर काही पक्षपात करत नाही, असं यावर सांगतात. पण शेपटीतून थेंब नीट आला नाही, पट्टीवर रक्त कमी पडलं, आकडा अनपेक्षित आला, तर पुन्हा मोजायचं की नाही हे हात ठरवतो. ‘जास्त डोस’च्या उंदराचा आकडा ४२० आला की पट्टी खराब वाटते, ‘कंट्रोल’चा ४२० आला की तो बरोबर वाटतो. यात कोणी लबाडी करत नाही. आशा माणसाच्या हातात उतरते, एवढंच.

कार्डावर गटाचं नाव लिहू नका, फक्त सांकेतिक क्रमांक लिहा. क्रमांकाची किल्ली तुमच्याकडे किंवा गाईडकडे न ठेवता दुसऱ्या विभागातल्या कोणाकडे तरी बंद पाकिटात द्या. पिवळ्या ठिपक्याचा आणि गटाचा काही संबंध ठेवू नका, ठिपका फक्त पिंजऱ्यातला उंदीर ओळखायला.

भिरंडाच्या अर्कात एक अडचण आहे, तो लाल आहे. सिरिंजमध्ये काय आहे ते देणाऱ्याला कळणारच. तेव्हा तोंडातून नळीने अर्क देणारी व्यक्ती वेगळी ठेवा आणि साखर मोजणारी वेगळी, आणि मोजणारीने औषध देण्याच्या वेळी खोलीत येऊ नये. दुसरी अडचण स्ट्रेप्टोझोटोसिनची. मधुमेही उंदीर इतकं पाणी पितात आणि लघवी करतात की त्यांच्या पिंजऱ्यातला भुसा ओला चिंब होतो, निरोगी गटाचा कोरडा असतो. निरोगी कोण आणि मधुमेही कोण हे लपणार नाही, ते लपवण्याचा आटापिटाही करू नका. पण मधुमेही ‘कंट्रोल’ आणि अर्क दिलेले यांच्यातला फरक लपवता येतो. मोजणीच्या दिवशी अटेंडंटने प्रत्येक उंदीर स्वच्छ, कोरड्या भुशाच्या छोट्या पिंजऱ्यात काढून, नुसत्या क्रमांकासह मोजणारीपुढे आणायचा. दिवसाकाठी अर्धा तास जास्त लागतो. अवयवांच्या स्लाइड तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही क्रमांकच द्या. तिथे तर दुसरं कारणच नाही.

मोजणीचा क्रम विसरू नका. सगळे ‘कंट्रोल’ नऊ वाजता आणि सगळे अर्काचे साडेअकराला मोजले तर दुसऱ्यांचा उपास अडीच तासांनी लांबला. साखर अर्काने उतरली की उपासाने, हे मग कोणीच सांगू शकणार नाही. वाटणी करताना जे चार-चारांचे संच केले त्याच क्रमाने मोजा, प्रत्येक संचात सगळे गट येतील.

यानंतर संख्या. सहा हा आकडा कुठून आला? बहुतेक ठिकाणी जुन्या अर्जातून. काही जण एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करून १० ते २० च्या दरम्यान उत्तर यावं असा नियम दाखवतात. पाच गट आणि तीस उंदीर यांचं उत्तर २५ येतं, म्हणजे त्या नियमातही सहा बसत नाही. तो नियम मुळात काहीच पूर्वमाहिती नसताना वापरायचा. तुमच्या प्रयोगशाळेत मधुमेही ‘कंट्रोल’ उंदरांचे मागच्या प्रबंधांतले आकडे पडून आहेत. ते काढा.

समजा त्यांवरून साखरेचं प्रमाण विचलन ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येतं. आता स्वतःला विचारा: किती फरक पडला तर या अर्काकडे लक्ष द्यावंसं वाटेल? उत्तर ९० असेल, तर दोन गटांच्या तुलनेत ८० टक्के खात्रीने तो फरक सापडायला प्रत्येक गटात सहा पुरतात. पण ५० चा फरकही महत्त्वाचा मानायचा असेल तर प्रत्येक गटात १७ लागतात. सहा घेतले तर ५० चा खरा फरक तीनांतून एकदाच सापडेल. आणि जेव्हा सापडेल तेव्हा तो फुगलेला सापडेल: सहाच्या गटांत हा निव्वळ योगायोग नाही असं संख्याशास्त्राने म्हणण्यासाठी फरक साधारण ६४ च्या वर दिसावा लागतो. म्हणजे खरा फरक ५० असताना छापून येणारा प्रत्येक आकडा ६४ पेक्षा मोठा. पुढचा संशोधक तोच आकडा खरा मानून पुन्हा सहाच घेणार. वनस्पतींच्या अर्कांवरचे आपल्याकडचे बरेच निकाल दुसऱ्या कॉलेजात टिकत नाहीत, त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

१७ ऐकून गाईड दचकतील, नीती समितीही. पण गटांची संख्या कमी करता येते. कमी डोस आणि जास्त डोस दोन्ही खरंच हवेत का? आधी दोन-तीन उंदरांवर डोस ठरवून घ्या आणि मुख्य प्रयोगात एकच ठेवा. निरोगी गट मुख्य तुलनेत नाही, तो फक्त मधुमेह लागला की नाही हे दाखवतो. त्यात चार पुरेत. अनेक उपचार-गटांची तुलना एकाच ‘कंट्रोल’शी होणार असेल, तर ‘कंट्रोल’ मोठा ठेवणं फायद्याचं. तीन उपचार-गट असतील तर ‘कंट्रोल’ प्रत्येकाच्या साधारण पावणेदोन पट. सगळे गट सारखेच असले पाहिजेत असा काही नियम नाही, तरी आपल्या अर्जांत तो देवासारखा पाळला जातो. आणि प्रयोगाआधीच्या साखरेचा आकडा विश्लेषणात घेतला तर विचलन कमी होतं, कमी उंदरांत काम भागतं.

समितीवर बसणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणी कमी वापरण्याचं तत्त्व मांडलं, त्याचा अर्थ आपण फार उथळ लावतो. अर्जात ३६ दिसले की ‘३० करा’ म्हणतो आणि आपण सहा जीव वाचवले असं मानतो. पण तीस उंदरांना मधुमेह लावून, महिनाभर टोचून, शेवटी मारून काहीच कळणार नसेल, तर ते तीसही व्यर्थ गेले. संख्येचं समर्थन नसेल तर अर्ज परत पाठवावा, आणि संख्या अपुरी असेल तर ती वाढवायला सांगावं. मी असं सांगते तेव्हा बैठकीत शांतता पसरते, कारण पशुवैद्याने जास्त प्राणी मागावेत हे लोकांना चमत्कारिक वाटतं. प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या सरकारी समितीच्या फॉर्म बी या अर्जात एवढेच प्राणी का लागतात असा थेट प्रश्न आहे. त्याखाली ‘संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी’ एवढं लिहिलेलं उत्तर आम्ही स्वीकारू नये.

नर-मादीचा मुद्दाही इथेच येतो. मादीच्या ऋतुचक्रामुळे आकडे फार हलतात म्हणून फक्त नर, असं शिकवलं जातं. उंदरांवरच्या शेकडो प्रयोगांची एकत्र तपासणी झाली तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०१६ पासून अर्जदारांकडे नर-मादी दोन्हींचा विचार केला का, याचं उत्तर मागायला सुरुवात केली. दोन्ही घ्यायचे म्हणजे संख्या दुप्पट नव्हे. तेवढ्याच संख्येत निम्मे नर, निम्म्या माद्या, आणि विश्लेषणात लिंग हा घटक. फक्त स्ट्रेप्टोझोटोसिनच्या बाबतीत सावध राहा, नर त्याला जास्त बळी पडतात, तेव्हा डोस दोघांसाठी वेगळा ठरवावा लागेल. या प्रयोगापुरते फक्त नर घेतलेत तरी चालेल, पण तसं लेखाच्या शीर्षकात लिहा आणि निष्कर्ष माद्यांवर लादू नका.

एक शब्द एककाबद्दल, म्हणजे मोजणीत ‘एक’ कशाला धरायचं त्याबद्दल. अर्क पिण्याच्या पाण्यात मिसळून दिला आणि एका बाटलीवर तीन उंदीर असले, तर तुमच्याकडे तीन आकडे नाहीत, एक पिंजरा आहे. गाभण माद्यांवरच्या प्रयोगात बारा पिल्लं म्हणजे एक आई. हे चुकलं तर बाकी सगळं संख्याशास्त्र वाया.

वगळण्याचे नियम टोचण्याआधी लिहून काढा आणि त्यावर तारीख घाला. ७२ तासांनी साखर २५० च्या वर गेली नाही तर उंदीर घेणार नाही, असं ठरलं असेल तर ते वाटणीआधीच लागू होतं. वाटणीनंतर कोणालाही ‘प्रतिसाद दिला नाही’ म्हणून काढता येणार नाही. वजन किती टक्क्यांनी उतरलं की उंदराला यातनेतून सोडवायचं, हेही आधीच ठरवा. ते पशुवैद्याशी बोलून ठरवा आणि तो निर्णय घेणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि ग्लुकोमीटरचं काय? बरेच मीटर ६०० च्या वर आकडा न देता नुसतं ‘हाय’ दाखवतात. तिथे ६०० लिहायचं, नमुना पातळ करून प्रयोगशाळेत मोजायचा, की वगळायचं? मोजणीच्या दिवशी ठरवलं तर गटाकडे बघून ठरतं. ‘हाय’ बहुधा उपचार नसलेल्या गटात जास्त येणार, आणि ते गाळले तर तुमचाच अर्क कमी परिणामकारक दिसेल. उलट बाजूनेही चूक होते: उपचाराच्या गटातले सर्वांत आजारी उंदीर महिन्याच्या आत मेले आणि उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर औषध गुणकारी दिसतं. म्हणून मेलेल्याची नोंद जगलेल्याइतकीच तपशिलात हवी: कोणत्या दिवशी, वजन किती, शवविच्छेदनात काय दिसलं. नळी श्वासनलिकेत जाऊन मेला असेल तर तेही लिहा.

ही योजना, म्हणजे मुख्य मोजमाप एकच कोणतं, किती दिवसांनी, कोणत्या दोन गटांची तुलना, कोणती संख्याशास्त्रीय चाचणी, हे सगळं प्रयोगाआधी ऑनलाइन नोंदवता येतं. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेची प्राणी-अभ्यास नोंदणी २०१९ पासून आहे, नेदरलँड्समधून चालणारी एक आधीची. दोन्ही मोफत आहेत. कल्पना चोरीला जाईल अशी भीती असेल तर नोंद काही काळ बंद ठेवता येते. सगळंच नोंदवायचा कंटाळा असेल तर किमान गाईडच्या सहीचं एक पान, तारखेसह, समितीच्या फाईलमध्ये टाका.

आता आपल्या प्रदेशाबद्दल. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांच्या त्याच जाती, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून वर्तनाचे प्रयोग केले. जमेल तेवढं सगळं सारखं ठेवलं, तरी काही चाचण्यांत तिन्हीकडचे निकाल वेगळे आले. २०१४ मध्ये असं दिसलं की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते; स्त्री संशोधकाच्या वासाने तसं होत नाही. तेव्हा हाताळणारा कोण, हा लेखात लिहिण्याजोगा तपशील आहे. सत्राच्या मध्यात तुमच्याऐवजी वर्गमित्र मोजायला बसला असेल तर ते नोंदवा.

गोव्यात त्यापुढे आणखी काही. नियमांनुसार प्राणीगृहाचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी. जून ते सप्टेंबर आर्द्रता बाहेर त्याच्या कितीतरी वर असते, आणि वीज गेली की आत यायला वेळ लागत नाही. भुसा लवकर ओला होतो, अमोनियाचा वास चढतो, नाकपुड्या लाल होतात. खोलीतला आर्द्रतेचा आलेख ठेवा आणि ‘नियंत्रित वातावरण’ या दोन शब्दांऐवजी लेखात प्रत्यक्ष कमाल-किमान आकडे द्या. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुरांच्या मिरवणुकांत पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपक दणाणतात, मग फटाके. उंदरांना आपल्याला ऐकू येतं त्याच्या तीन-चार पट वरच्या कंप्रतेपर्यंत ऐकू येतं, आणि ताणाने साखर वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेला उपाशी साखरेचा आकडा कशाचा आहे हे तुम्ही कसं सांगणार? चवथीला (गणेश चतुर्थीला) निम्मे अटेंडंट गावी जातात, बदलीचा माणूस खाद्य कधी घालतो याची नोंद नसते. असे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा.

भिरंडाबद्दल स्वतंत्रपणे. ‘कोकमाचा अर्क’ एवढ्यावर कोणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. फळं सत्तरी तालुक्यातली की काणकोण तालुक्यातली, कोणत्या महिन्यात काढली, साल उन्हात वाळवली की ओव्हनमध्ये, वनस्पती-नमुना कुठल्या संग्रहात ठेवला, कोणत्या द्रावकात किती तास, हातात अर्क किती आला. सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, गार्सिनॉल आणि लाल रंगाची अँथोसायनिनं असतात. त्यांतल्या किमान एकाचं प्रमाण मोजून द्या. सगळा प्रयोग एकाच घाण्यातल्या अर्काने करा आणि थोडा शीतपेटीत राखून ठेवा, दुसऱ्या कोणाला ताडून पाहायचा असेल तर.

वेर्णा वगैरे औद्योगिक भागात कंपन्यांत काम करणारे माझे विद्यार्थी विचारतात की जीएलपी (‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ ही प्रयोगशाळांची नियमावली) खाली केलेल्या कामाला हे सगळं लागतं का. जीएलपीत प्रत्येक नोंद कोणी केली, कधी केली, उपकरण तपासलेलं होतं का, हे पक्कं होतं, आणि विषारीपणाच्या चाचण्यांना ते बंधनकारक आहे. पण औषध काम करतं का हे पाहणारे सुरुवातीचे प्रयोग बहुधा जीएलपीबाहेर होतात, आणि जीएलपीची वही कितीही स्वच्छ असली तरी रचना चुकली असेल तर निकाल चुकीचाच येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तुमच्या गाईडना हे कसं सांगायचं, तेही सांगते. वाद घालू नका. मागच्या प्रबंधांतले मधुमेही ‘कंट्रोल’चे आकडे एका तक्त्यात मांडा, विचलन काढा, जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यांच्यासमोर संख्या काढून दाखवा. बहुतेक गाईड आकड्यांपुढे अडत नाहीत, त्यांना समितीचा आणि खर्चाचा घोर असतो. म्हणून सोबत गट कमी केलेली रचना न्या, ज्यात एकूण उंदीर तीसच्या फार वर जात नाहीत. आणि फॉर्म बी समितीकडे जाण्याआधी संस्थेच्या पशुवैद्याला भेटा. विद्यार्थी आमच्याकडे बहुतेक वेळा उंदीर मरायला लागल्यावर येतात. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचल्यानंतरच्या पहिल्या रात्री पाण्यात ग्लुकोज दिलं नाही तर साखर एकदम कोसळून काही उंदीर जातात. हे आधी विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

अर्काने काहीच फरक पडला नाही असं निघालं, तरी हा दुसरा प्रयोग छापा. तसे लेख घेणारी नियतकालिकं आहेत, आणि कुठेच जमलं नाही तर कच्चे आकडे झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवून त्याचा दुवा प्रबंधात द्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात कोणीतरी भिरंडाचाच अर्क घेऊन समितीपुढे येणार आहे, आणि अर्ज वाचताना तुमचे आकडे आमच्या हातात असतील.